गंध्यांच्या घरातली शिंक

सोमनाथ गंधे माझा शाळेपासूनचा मित्र. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचं अत्तराचं दुकान आहे. पाच पिढ्यांचं. पाचवी पिढी म्हणजे सोमनाथ. सोमनाथला अत्तराच्या वासानं शिंका येतात.

एखादी शिंक नव्हे. आधी डोळे मिटतात, मान मागं जाते, आणि मग ओळीनं येतात. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात बसल्या जागी कळतं की गंध्यांकडं गिऱ्हाईक आलंय.

दुसऱ्या कुठल्याही घरात याला सर्दी म्हटलं असतं. गंध्यांच्या घरात तो कलंक होता.

घराणं मोठं आहे, हे आधी सांगायला हवं. घराण्याची माहिती पाटीवर आहे. ‘गंधे अत्तरवाले’, आणि खाली स्थापनेचं साल. आम्ही शाळेत होतो तेव्हा ते साल वेगळं होतं. मध्ये पाटी गंजली, नवी केली, तेव्हा साल थोडं मागं गेलं. मग शहराचं नाव बदललं. नवं नाव घालायला पेंटर आला. तो आलाच आहे तर साल आणखी मागं घेतलं. दुकान जसजसं पुढं जातं तसतशी स्थापना मागं जाते. अजून एक-दोनदा पाटी रंगवली, तर दौलताबादचा किल्ला गंध्यांच्या नंतर बांधला असं म्हणावं लागेल.

गादीवर सोमनाथचे वडील बसायचे. नानासाहेब. पांढराशुभ्र सदरा, कानात अत्तराचा फाया, तोंडात ‘वारसा’ हा शब्द. मी मराठी घेऊन एम.ए. झालो तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

“काय साहित्यिक, काही कामधंदा करायलास का?”

“शोधतोय, काका.”

“मंग आमच्या घराण्याचा इतिहास लिही. दसऱ्याला छापून वाटू.”

“माहिती कुठं मिळेल?”

“आरं, मी सांगतो की.”

त्यांनी सांगितली. त्यांच्या पणजोबांचं अत्तर निजामाच्या हत्तीला लावत असत. हत्तीला अत्तर कशाला, असं मी विचारलं. “मंग काय, एवढ्या मोठ्या सायबाला हत्तीचा वास घ्यायला लावायचा?” ते म्हणाले. हत्तीचं नावही त्यांनी सांगितलं. पुढच्या बैठकीत ते नाव बदललं. मी दोन्ही लिहून घेतली. पाच पिढ्यांचं अत्तर एका हत्तीवर संपलं नसतंच.

सोमनाथबद्दल काय लिहू, असंही मी विचारलं. त्यांनी फाया कानात नीट बसवला.

“पाचवी पिढी जोमानं कार्यरत, एवढं टाक. नाव नको.”

आता यात विचित्र भाग असा, की सोमनाथला गादीच हवी होती. ज्याला वासानं शिंका येतात त्यानं दुसरं काही बघावं. बिडकीनच्या बाजूला एका कारखान्यात त्याला नोकरी मिळत होती. तिथल्या हवेला कशाचाच वास नव्हता. तो गेला नाही. केवडा कधी तोडतात, हिन्यात काय काय पडतं, कुठलं अत्तर थंडीत लावायचं आणि कुठलं उन्हाळ्यात, लग्नातल्या सासऱ्याला काय द्यायचं आणि जावयाला काय, हे सगळं त्याला पाठ होतं. आजोबांनी शिकवलेलं. तो बोलायला लागला की गिऱ्हाईक हलायचं नाही. बूच काढलं की मात्र हलायचं.

कारण आपल्याकडं शिंक म्हणजे नुसती शिंक नसते. एकदा गंगापूरकडची मंडळी लग्नाचं अत्तर घ्यायला आली होती. मोठी खरेदी होती. सोमनाथनं काडीवर मोगरा घेतला, नवऱ्या मुलाच्या आत्याच्या मनगटाशी नेला आणि शिंकला. आत्या ताडकन उठली.

“शिंकलं गं बाई! आता कशाचं अत्तर!”

मंडळी पायरीवर बसून पाणी प्यायली, चपला घालून समोरच्या दुकानात गेली. शहागंजमधले एक चाचा तेवढे खूश व्हायचे. “माशाल्ला! छींक तो अच्छी चीज है बेटा, दिमाग खुलता है.” पण सगळी लग्नसराई एकट्या चाचांवर चालत नाही.

उपाय पुष्कळ झाले. सोमनाथची आई, आशाबाई, दर उपायाच्या आधी एकच सांगायच्या. “लहानपणी असलं काही नव्हतं हो याला. आजोबांच्या मांडीवर बसून दिवसभर कुप्या हुंगायचा. एक शिंक नाय.”

हे खरं होतं. शिंका दहावीत सुरू झाल्या. त्याच वर्षी आजोबा वारले, नानासाहेब गादीवर बसले आणि पोरगं शिंकायला लागलं. घराणं मोठं असल्यामुळं कारण लगेच सापडलं. आजोबांची काहीतरी इच्छा राहिली होती. पैठणला जाऊन शांत करायचं ठरलं. गुरुजींनी उदबत्ती लावली आणि सोमनाथ शिंकला. आजोबा अजून नाराज आहेत, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मग डॉक्टर झाले. नाकाचं हाड वाकडं निघालं. ऑपरेशन केलं. हाड सरळ झालं आणि शिंका सरळ समोर येऊ लागल्या. मग फर्दापूरच्या मावशीकडं हवापालट. तिथं महिनाभर एकही शिंक नाही. हवा मानवली म्हणून सगळे आनंदानं त्याला घेऊन आले आणि दुकानात बसवला. पुढचं सांगायला नको.

त्याचे सर्वांत चांगले दिवस कोरोनातले. मास्क लावून गादीवर बसला तर त्याला काही होत नसे. फक्त तेव्हा दुकान बंद होतं.

शेवटी नानासाहेबांनी त्याला बाहेर स्टूल दिलं. पायरीच्या खाली, रस्त्यावर. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, अत्तरांची माहिती सांगायची आणि आत पाठवायचं. आत नानासाहेबांचा पुतण्या अभय असायचा. अभय आधी कॅनॉटच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकायचा. त्याला वाळा आणि रॉकेल यातला फरक कळत नाही. पण तो शिंकत नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी नानासाहेबांनी दोघांना समोर बसवलं. मी प्रुफं घेऊन गेलो होतो, म्हणून मीही होतो.

“मी आता थकलो,” ते म्हणाले. “ह्या दसऱ्याला गादी द्यायची. अभय, नवा सदरा शिवून घे.”

सोमनाथ म्हणाला, “नाना, मला द्या.”

“तुला? आरं, तू बसलास तर गिऱ्हाईक छत्री घेऊन येईल.”

“एकदा बसवून तर बघा.”

नानासाहेबांनी माझ्या हातातली प्रुफं घेऊन बाजूला ठेवली. “बरं. दसऱ्याची सकाळ तुझी. एकबी शिंक न देता काढलीस तर गादी तुझी. शिंकलास तर अभयची, अन् तू बिडकीनला जायचं. पुन्यांदा विषय नाय.”

दसऱ्याच्या सकाळी गंध्यांकडं एक रीत आहे. जुनी गिऱ्हाइकं येतात. गादीवरचा माणूस आपल्या हातानं त्यांच्या मनगटावर अत्तर लावतो. कोणी घरातली जुनी कुपी घेऊन आलं, तर ती आधी हुंगायची, आत काय होतं ते ओळखायचं आणि तेच अत्तर पुन्हा भरून द्यायचं. जुन्या कुप्या अलीकडं कोणी आणत नव्हतं. त्यामुळं ही रीत फक्त माझ्या इतिहासात उरली होती. परिच्छेद चांगला उतरला होता.

सोमनाथनं सराव सुरू केला. त्यांच्या गच्चीवर तो एकेक कुपी घेऊन बसायचा. श्वास धरायचा, काडी बुडवायची, माझ्या मनगटावर फिरवायची, हसायचं, “मोगरा आहे, अंगाला लई मानवंल,” असं तोंडातल्या तोंडात म्हणायचं, बूच लावायचं, तोंड फिरवून श्वास सोडायचा. श्वास धरून बोलल्यामुळं तो पाण्याखालून बोलल्यासारखा वाटायचा. चेहरा वांग्यासारखा व्हायचा.

“कसं वाटतंय?”

“गिऱ्हाईक अँब्युलन्स बोलावेल.”

“हसू नको रे. मला दुसरं काय येतं?”

मी हसायचं थांबवलं.

दसऱ्याला दुकान झेंडूनं मढवलं होतं. देवघरातून आजोबांची थोरली कुपी आणून पाटावर ठेवली होती. त्यात आजोबांनी शेवटचा बनवलेला हिना होता. ते गेल्यापासून तिचं बूच कोणी काढलेलं नव्हतं. दरवर्षी हळदीकुंकू व्हायचं आणि ती परत देवघरात जायची. तिच्या बाजूला माझ्या इतिहासाचा गठ्ठा होता. मुखपृष्ठावर हत्ती.

सोमनाथ गादीच्या कडेला बसला. मधोमध बसायचा हक्क अजून ठरायचा होता. अभय मागं नव्या सदऱ्यात उभा होता. नानासाहेब खुर्चीवर, आशाबाई आतल्या दारात.

माणसं आली. सोमनाथनं श्वास धरला, काडी फिरवली, हसला, श्वास सोडला. पुन्हा. पुन्हा. शहागंजचे चाचा आले, थांबले, वाट बघितली आणि निराश होऊन गेले. नानासाहेब खुर्चीत थोडे पुढं सरकले. मला वाटलं, जमतंय.

मग आवडाबाई आल्या. गंगापूरहून सकाळच्या एसटीनं. म्हातारी, ठेंगणी, हातात रुमालाची गाठ. गाठ सोडली तर आत हिरव्या काचेची बोटभर कुपी.

“तुझ्या आज्यानं दिलेली,” त्या सोमनाथला म्हणाल्या. “माझ्या लग्नात. कधी सणासुदीला काडी लावली असंल. थेंबभर राहिलंय. आता नातीचं लगीन हाय. ह्याच्यातलंच भरून दे.”

सोमनाथनं कुपी हातात घेतली आणि माझ्याकडं बघितलं. श्वास धरून हुंगता येत नाही. याचा सराव आम्ही केलाच नव्हता.

“हुंग की,” नानासाहेब म्हणाले. “रीत हाय.”

त्यानं बूच काढलं. कुपी नाकाशी नेली. श्वास घेतला. डोळे मिटले. मान मागं गेली. अभय एक पाऊल पुढं आला.

काही झालं नाही.

सोमनाथनं पुन्हा श्वास घेतला. मोठा, पोट भरून. “हिना,” तो म्हणाला. “आजोबांचा.” डोळ्यांत पाणी होतं, पण ते शिंकेचं नव्हतं.

“बघितलं का!” नानासाहेब खुर्चीतून उठले. “ऑपरेशनचा गुण! म्हणलं व्हतं मी, येळ लागंल पण गुण येईल. अभय, हिना दे. भर बाबा, भर.”

अभयनं फळीवरची हिन्याची बाटली दिली. सोमनाथ खुशीत होता. श्वास धरायचं विसरला. बूच काढलं, आणि सुरू झालं.

इतकी मोठी फेरी मी कधी बघितली नव्हती. इतिहासाचा गठ्ठा उडाला. हत्ती पायरीवरून घरंगळत रस्त्यावर गेले. मागं उभ्या असलेल्या दोन बाया कानाला हात लावून निघून गेल्या.

आवडाबाई हलल्या नाहीत. शिंका थांबेपर्यंत बसल्या. मग फळीवरची बाटली स्वतः उचलून नाकाशी नेली.

“हे ते नाय.”

“मावशी, तेच हाय,” नानासाहेब म्हणाले. “हिनाच. पोराला सर्दी हाय, त्यानं घोटाळा झाला.”

सोमनाथनं नाक पुसलं. आवडाबाईंची कुपी उचलली आणि हुंगली. काही नाही. फळीवरची बाटली हुंगली. शिंक. मग तो उठला. फळीवरचा मोगरा काढला. शिंक. केवडा. शिंक. वाळा. शिंका दोन, कारण वाळा घराण्याची खासियत आहे.

“पुरं झालं,” नानासाहेब म्हणाले. “सोमनाथ, खाली बस.”

तो बसला नाही. पाटाकडं वळला. थोरली कुपी उचलली.

“आरं, ती पूजेची हाय!”

त्यानं बूच काढलं. हळद-कुंकू बोटांना लागलं. हुंगलं. आम्ही सगळे त्याच्या नाकाकडं बघत होतो. मी आयुष्यात इतक्या भक्तिभावानं कशाकडं बघितलेलं नाही.

नाक शांत होतं.

आतल्या दारातून आशाबाई बोलल्या. आवाज बारीक होता, पण दुकानात दुसरा आवाजच नव्हता. “अहो, ते तेलाचे पांढरे कॅन यायला लागले ते मामंजी गेले त्याच वर्षी की. दहावीत व्हता हा.”

नानासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग कॅन ठेवलेल्या मागच्या बंद खोलीकडं, मग माझ्याकडं. इतिहास मी लिहिला होता, म्हणून असेल.

“सगळेच तसलं विकतात,” ते म्हणाले. “चंदनाच्या तेलात आता कोण अत्तर बसवतंय? कॅनातलं तेल, वरून सेंट. गिऱ्हाइकाला काय कळतंय?”

“मला कळायचं,” सोमनाथ म्हणाला. “मला वाटायचं, मीच खराब हाय.”

मी थक्क होऊन उभा होतो. याच पोराच्या नाकाचं हाड कापलं होतं. याच्यासाठी पैठणला जाऊन मेलेल्या आजोबांची माफी मागितली होती. पाच पिढ्यांच्या घरात एकच नाक धड होतं. त्याला आम्ही रस्त्यावर स्टुलावर बसवलं होतं.

सोमनाथनं आवडाबाईंची कुपी घेतली आणि थोरलीतून त्यात हिना ओतायला लागला. हळू, एक थेंब न सांडता.

“पूजेचं देतोस?” नानासाहेब ओरडले.

“मग काय, देवाला खरं अन् माणसाला कॅनातलं?”

आवडाबाईंनी मनगट पुढं केलं. “तुमचं भांडण मागून करा. आधी मला लाव. साडेअकराची एसटी हाय.”

त्यानं लावलं. त्यांनी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटून बसून राहिल्या, आणि मग कुपी रुमालात बांधून गेल्या. एसटी मिळाली की नाही, माहीत नाही.

इथं एखाद्या गोष्टीत वडिलांनी मुलाला मिठी मारली असती. नानासाहेबांनी खुर्ची सरळ केली. “शर्त शर्तच,” ते म्हणाले. “शिंकला. गादी अभयची.”

अभय गादीवर बसला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. “काका, मला कव्हरांचंच बरं व्हतं,” तो हळूच म्हणाला. वारसा आहे. असा कोणाला विचारून येत नाही.

इतिहासाच्या उरलेल्या प्रती वाटल्या गेल्या. त्यातलं ‘पाचवी पिढी जोमानं कार्यरत’ एवढं वाक्य खरं निघालं. सोमनाथ बिडकीनला गेला नाही. पुन्हा स्टुलावर येऊन बसला. कनौजला, जिथं अत्तरं गाळतात, आजोबांचा एक जुना अत्तरवाला होता. त्याच्या मुलाचा नंबर शोधला, थोडा माल मागवला. पार्सल उघडताना गल्लीतले सगळे जमले. एक कुपी उघडायची, सोमनाथनं हुंगायची, सगळ्यांनी थांबायचं. एका कुपीला शिंक आली. ती परत गेली. बाकीच्या राहिल्या.

त्या त्यानं लाकडी पेटीत मांडल्या आणि पेटी मांडीवर घेतली. दुकान एवढंच. महाग आहे, थेंबानं देतो, उधार देत नाही. गिऱ्हाईक आधी पेटीकडं बघत नाही, त्याच्या नाकाकडं बघतं. लोक दुसऱ्या दुकानांतून घेतलेल्या बाटल्यासुद्धा तपासायला आणतात. मोगऱ्याला उठून गेलेली ती आत्या परवा दुसऱ्या पुतण्याच्या लग्नासाठी आली. “शिंकला नाय ना हा?” तिनं मला विचारलं. “नाय? मंग द्या बाई, शकुन चांगला हाय.” चाचा मात्र नाराज आहेत. पहिल्यासारखी मजा राहिली नाही म्हणतात.

दिवाळीच्या आधल्या दिवशी मी सोमनाथजवळ बसलो होतो. नानासाहेब पायरी उतरून आले. रस्त्याकडं बघत उभे राहिले, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे. मग मनगट पुढं केलं. सोमनाथकडं बघितलं नाही.

त्यानं हिन्याची काडी फिरवली. नानासाहेबांनी मनगट नाकाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं खाली घेतलं.

“आजोबांचा व्हता तसा नाय,” ते म्हणाले.

“नाय. पण त्यांच्या कनौजवाल्याच्याच घरचा हाय.”

“हं.” त्यांनी पेटीवर आलेलं ऊन बघितलं. “इथं ऊन लागतं तुला. आत येऊन बस.”

“आत शिंका येतात, नाना.”

“मंग काय करावं म्हणतोस?”

“आतलं बाहेर काढा. मी आत येतो.”

नानासाहेबांनी वळून दुकानाकडं बघितलं. फळ्याच्या फळ्या, रंगीत बाटल्या, वर झेंडूची सुकलेली माळ, मध्ये गादीवर मोबाइल बघणारा अभय. मीही बघितलं. सगळं काढलं असतं तर देवघरातली कुपी आणि पाटी एवढंच उरलं असतं. नानासाहेब पायरी चढून गेले.

दुसऱ्या दिवशी फळीवर वाळ्याची जागा रिकामी होती. मी अभयला विचारलं. “काकांनी पहाटे नेला,” तो म्हणाला. “कुठं ते विचारू नका म्हणालेत.”

काल गेलो तर केवडाही नव्हता. बाकी सगळं जागच्या जागी आहे. पाच पिढ्यांचा वारसा एकदम निघत नाही. पण स्टूल आता रस्त्यावर नाही. पायरीवर आहे. सोमनाथ तिथं पेटी घेऊन बसतो, पाठ दुकानाकडं आणि तोंड रस्त्याकडं करून. मधूनच आतून वारा येतो. तो शिंकतो आणि न वळता सांगतो, “नाना, मोगरा.”

आतून नानासाहेब म्हणतात, “ऐकलं, ऐकलं.”